वर्गातील मत्स्यसंगोपन
(बोरी बुद्रुक येथे शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



अमेरिकेतील कित्येक शाळांत ट्राउट माशांची अंडी वर्गातच उबविण्याचा उपक्रम चालतो. काचेच्या टाकीतील पाणी यंत्राच्या साहाय्याने १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. मुले रोज पाणी तपासतात, मेलेली अंडी वेचतात आणि वाढलेली पिले रीतसर परवानगीने थंड ओढ्यात सोडतात. हे ऐकून आपणांसही मोह होईल. परंतु ट्राउट पडला थंड पाण्याचा मासा. काश्मीरसाठी १८९९ साली विलायतेहून निघालेली त्याची अंडी वाटेतच नासली; १९०० सालच्या दुसऱ्या खेपेने मात्र तेथे मूळ धरले. आपल्या वर्गात विजेचा भरवसा तो किती, आणि पाणी गार ठेवण्याचे यंत्र आणावयाचे कोठून?

कटला-रोहूचा विचार मनात येतो. त्यांची अंडी कशास चिकटत नाहीत, त्यांना हलते पाणी लागते, आणि ती एका दिवसाच्या आत फुटतात. म्हणजे मुले घरी निजलेली असतानाच सारा सोहळा आटोपावयाचा!

म्हणून मी सायप्रिनस सुचवितो. त्याची अंडी चिकट असून पाणवनस्पतींना धरून बसतात. मत्स्यबीज केंद्रातून अंडी लागलेली एखादी फांदी पाण्याच्या डब्यातून आणता येते. रुंद तोंडाचे काचेचे भांडे घ्यावे, ते सावलीत ठेवावे आणि त्यात विहिरीचे निवळ पाणी भरावे. नळाच्या पाण्यात जंतुनाशक पूड असते. ते एक दिवस उघडे ठेवल्याखेरीज वापरू नये. जिवंत अंडे पारदर्शक दिसते व त्यात लवकरच दोन काळे डोळे उमटतात. फळ न धरलेले अंडे पांढरे पडते, त्यावर बुरशी चढते, आणि ती शेजारच्या अंड्यांवर पसरते. म्हणून ते चिमट्याने तत्काळ काढावे. दोन-तीन दिवसांत पिले बाहेर येतात. आरंभी ती पोटाखालच्या बलकावर जगतात. या काळात त्यांना काहीही घालू नये, हे मुलांस पटविणे सर्वांत कठीण. पुढे उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, चिमटीएवढा द्यावा.

येथे माझी एक चूक सांगतो. एका शाळेत शनिवारी मुलांनी मायेपोटी भांड्यात मूठभर पीठ टाकले. रविवारची पाळी मी कोणासच नेमलेली नव्हती. सोमवारी पाण्यास दुर्गंधी सुटलेली होती व एकही पिलू हलत नव्हते. मुले येण्यापूर्वी भांडे रिते करून ठेवावे, असे क्षणभर मनात आले. तसे केले नाही. एका मुलीने विचारले, “गुरुजी, आम्हीच मारली का?” मी म्हणालो, “पीठ कुजले, त्याने पाण्यातील प्राणवायू संपविला. आणि लक्ष ठेवावयास मी कोणाला सांगितले नव्हते.” त्या दिवशी पाठ्यपुस्तकातील प्राणवायूचा पाठ मला शिकवावा लागला नाही. दुसऱ्या खेपेस मुलांनी सुट्टीच्या दिवसांचीही पाळी स्वतःच लावली, आणि फळ्याच्या कडेला रोजची नोंद ठेवली: पाण्याचे तापमान, मेलेल्या अंड्यांची संख्या, पाणी बदलणाऱ्याचे नाव.

पिले बोटाएवढी होईतो भांड्यात ठेवू नयेत; तेथे ती दाटीने गुदमरतात. पोहू व खाऊ लागल्यावर थोड्याच दिवसांत ती हलवावीत. मुले म्हणतील, कुकडीत सोडू. मोह आवरावा. आज सर्वत्र पाळला जाणारा सायप्रिनसचा वाण १९५७ साली बँकॉकहून भारतात आला. हा परका मासा तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ करतो, आणि नदीत मुळातली दांडवण, मरळ इत्यादी मासळी आहे. याच कुकडीच्या काठचा ज्वालामुखीच्या राखेचा थर पाहावयास विद्वान दुरून बोरीस येतात. पाण्यात काय राहते ते आपल्या मुलांनी तरी पाहिलेले असावे. पिलांसाठी एखाद्या पालकाचे शेततळे आधीच विचारून ठेवावे, आणि ते मिळेपर्यंत अंडी आणूच नयेत.