घरात विचारून सांगतो

 

आज बोलायचंय ते कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या संसाराबद्दल. टिळक आपल्याला परके नाहीत. 1917 साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. उपासनेत आपण त्यांची गीतं गातो. त्यांच्या घरात मात्र क्वचित डोकावतो.

10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा दूर, नातलगांत. त्यांच्यावर आभाळच कोसळलं. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी सोवळं पाळलं, स्वयंपाक वेगळा ठेवला. 1900 साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. एवढा घाव त्या संसारानं पचवला. पण लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना जागोजाग भेटतात त्या रोजच्या कुरबुरी. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. मागेल त्याला देऊन मोकळे! मग चूल कशी पेटायची, ते बाईंनी बघायचं. बाई हे सगळं हसत हसत लिहितात. सोसताना इतकं हसू आलं असेल, असं मला वाटत नाही.

आपल्या म्हसवडात तरी निराळं काय आहे? आपली माणसं पोटासाठी मुंबईला, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात पार परमुलखात. घर बाईच्या जिवावर. नवरा नाताळला येतो आणि दुसऱ्याच दिवशी पारावर कुणीतरी हात पसरतो, “पाच हजार दे, महिन्यात फेडतो.” अशा वेळी “घरात विचारून सांगतो” म्हणणाऱ्या गड्याला काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बायकोच्या ताटाखालचं मांजर! त्या हशाला भिऊन पैसे दिले जातात. इकडे बचत गटाचा हप्ता तोंडावर. बाई डब्यातल्या नोटा मोजते, पुन्हा मोजते, आणि विचारते. उत्तर येतं, “तुला काय करायचंय?” तिथून पुढं ते भांडण पैशाचं राहत नाही.

दारू, बाहेरची भानगड असं काही झालं, तर पाळकसाहेब येतात, सोयरे बसतात. (मारझोड असेल तर आधी बाईचा जीव वाचवायचा, तिथं समजुतीचं बोलूच नये.) पण या पाच हजारांसाठी बैठक कोण बोलावणार? म्हणून ते आतल्या आत मुरतं.

भगिनींनो, तुमच्याही बाजूचं एक सांगतो. नवऱ्याची चूक त्याच्या आधी माहेरच्या फोनवर जाऊ नये. सूर्य मावळायच्या आत राग सोडा, असं पौलानं इफिसकरांना कळवलं. गलाईवाल्याची भट्टी मावळतीनंतरही चालते. तेव्हा निदान रविवारची उपासना झाल्यावर दोघांनी फोनवर मोकळं बोलावं.

आणि एक आकडा ठरवून टाका. पाचशे म्हणा, हजार म्हणा. त्याच्या वरचं देणंघेणं एकमेकांना विचारल्याशिवाय नाही. मागणारा बाईचा सख्खा भाऊ असला तरी. राहता राहिला पारावरचा हशा. हसणाऱ्यांत आपल्या मंडळीतले वडीलही असतात. त्यांनी आधी गप्प बसावं.