घरात पहिला प्राणी आणताना

तमिळनाडूच्या कावेरी खोऱ्यातलं पापनाशम भाताचं गाव. नायक राजांच्या काळातलं धान्याचं कोठार इथे आजही उभं आहे. जिथे धान्य, तिथे उंदीर. म्हणून पहिल्यांदाच प्राणी पाळणाऱ्याला मी मांजर सुचवेन. तिला जागा थोडी लागते, सोबतही पुरते. मात्र नुसता दूधभात घालू नका. मांजर मांसाहारी आहे, आणि मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही.

कुत्रा हवा असेल तर आधी अंगण पाहा. तमिळनाडूचे राजपाळयम, चिप्पीपारै, कोंबै हे शिकारी वाणाचे कुत्रे. इथलं ऊन त्यांना सोसतं, पण रोज मोकळं धावायला मिळालं नाही तर ते चिडचिडे होतात. दाट केसांचा हस्की या दमट उकाड्यात आणणं मला क्रूरपणाचं वाटतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस द्या, पुढच्या मात्रा पशुवैद्यांना विचारून. चॉकलेट, कांदा, द्राक्षं कुत्र्याला कधीच देऊ नका.

पिंजऱ्यातला हिरवा पोपट मात्र आणूच नका. आपले रानपोपट आणि तारा-कासवं पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

मुलांनी मासे मागितले तर काचेचा लहान गोल वाडगा नको, मोठी टाकी घ्या. पाणी सगळं एकदम बदलू नका. आठवड्याला साधारण पाव भाग बदला, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते टाकीत ओता.