यकृताच्या औषधाची परीक्षा

सावनेरहून नागपूरला यकृताच्या उपचारासाठी गेलेल्या रुग्णाला नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं, तर घरचे म्हणतील, ‘आमच्यावर प्रयोग नको.’ शंका रास्त आहे. पण चाचणीशिवाय औषधाचा गुण कळणार कसा? चरबीमुळे होणाऱ्या यकृतदाहावरच्या रेस्मेटिरॉम या औषधाच्या चाचणीत, ५२ आठवड्यांनंतरच्या बायोप्सीत, १०० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या सुमारे ३० टक्के रुग्णांचा दाह ओसरलेला दिसला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या जवळपास १० टक्के रुग्णांचाही ओसरला होता. ही तुलना नसती, तर सगळं श्रेय औषधालाच गेलं असतं.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. भारतातल्या औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई बंधनकारक आहे. मधेच बाहेरही पडता येतं. म्हणून सही करण्याआधी संमतीपत्र मराठीत मागा, नीट वाचा आणि खुशाल प्रश्न विचारा.