'रात्रीस खेळ चाले 2': त्या वाड्यात भूत नक्की कोण होतं?

(आमच्या पॉडकास्टच्या भागाचा हा लिहून काढलेला मजकूर. बोलतानाचं अडखळणं काढलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

मानकोलीहून बोलतोय. मागे हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. घर नाशिक हायवेला लागून आहे, रात्री दोन वाजतासुद्धा कंटेनर थांबत नाहीत. आमच्याकडे भूत यायचं म्हटलं तरी नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकेल.

तर विषय भुतांचाच. तुमच्यातले बरेच जण विचारत होते, 'रात्रीस खेळ चाले'वर कधी बोलणार? तिन्ही सीझन एका भागात कोंबले तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून आज फक्त दुसरं पर्व. शेवटी दहापैकी मार्क देणार, नेहमीसारखे. पण या वेळी मार्क देताना माझा हात थोडा थांबला. का, ते सांगतो.

आधी उजळणी. झी मराठीवर पहिलं पर्व आलं 22 फेब्रुवारी 2016 ला आणि ऑक्टोबरमध्ये संपलं. सावंतवाडीजवळचं आकेरी गाव, तिथला तो वाडा. अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात, सगळी मुलं-सुना वाड्यात जमतात आणि मग एकेक विचित्र प्रकार सुरू होतात. कोण करतंय? घरातलंच कुणी, की खरंच काहीतरी आहे? म्हणजे ते सरळ सरळ रहस्य होतं. त्यावरून वादही झाला. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, असे आक्षेप आले होते.

दुसरं पर्व सुरू झालं 14 जानेवारी 2019 ला. आणि इथे मालिकेने मोठी रिस्क घेतली. गोष्ट पुढे न नेता मागे नेली. अण्णा जिवंत असतानाचा काळ. आता विचार करा, अण्णा मरणार हे आपल्याला आधीच माहीत आहे. माई मागे उरणार, हेही माहीत आहे. मग रोज रात्री साडेदहाला बसून बघायचं तरी काय?

म्हणून माझी पहिली कसोटी: भीती. शेवट माहीत असताना घाबरवता येतं का?

माझं उत्तर, हो. आणि पहिल्या पर्वापेक्षा जास्त. कारण भीतीची जागाच बदलली. पहिल्या पर्वात प्रश्न होता, अंधारात काय आहे? दुसऱ्यात प्रश्न झाला, हा माणूस आज घरी कुठल्या मूडमध्ये येणार? अण्णा दारात आले की घरातलं बोलणं बंद. कुणी ताट मांडायला धावतंय, कुणी कोपऱ्यात सरकतंय. ना धूर, ना किंकाळी. फक्त चपलांचा आवाज.

आमच्याकडे ती मालिका आजी बघायची. आम्ही आगरी माणसं, मालवणी आम्हाला अर्धी कळायची, उरलेली शेजारच्या कुडाळच्या काकू समजावून सांगायच्या. मी तेव्हा गोडाऊनमध्ये सेकंड शिफ्टला होतो, सुट्टीच्या दिवशीच आजीबरोबर बघायला मिळायचं. एकदा मी तिला चिडवलं, "आजी, तुला भुताची भीती नाय वाटत?" ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "भुताला कला भ्याचा रं? ते मेलेला हाय. जिता मानूस घरान येतो, त्याला भ्याचा."

मी हसलो. आई हसली नाही. नंतर आईकडून कळलं, आजोबा खाडीवरून घरी यायची वेळ झाली की आमच्या घरातही असाच आवाज बंद व्हायचा. मी आजोबांना पाहिलेलं नाही. भिंतीवरच्या फोटोत हसतायत, एवढंच माहीत.

तेव्हा पहिल्या कसोटीत पर्व पास. डिस्टिंक्शनमध्ये.

दुसरी कसोटी: माणसं. माधव अभ्यंकरांच्या अण्णाबद्दल सगळे बोलतात आणि ते बरोबरच आहे. तो माणूस आवाज न चढवता घाबरवतो. गोड बोलायला लागला की जास्त भीती वाटते. अपूर्वा नेमळेकरची शेवंता हा दुसरा खांब. अशा बाईला आपल्या मालिकांत एकच काम असतं, दुसरीचा संसार मोडायचा. इथे तसं नाही. शेवंताला पाटणकरांच्या संसारात न मिळालेलं काहीतरी हवंय, मान हवाय, हक्काची जागा हवीय. अण्णा ते देणार नाहीत हे आपल्याला दिसतं, तिला दिसायला वेळ लागतो. आणि संजीवनी पाटीलची वच्छी! अण्णांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहणारी ती एकटी. तिच्या शिव्याशापांना आमच्या चाळीत टाळ्या पडायच्या, खोटं नाही सांगत.

पांडूला विसरून चालणार नाही. 'इसारलंय' म्हणणारा पांडू. ते काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे लेखकही. म्हणजे लोकांना आठवायला लावणाराच पडद्यावर सगळं विसरतो!

पण माझ्या हिशोबात या पर्वाची खरी नायिका आहे माई. शकुंतला नरे. माईला मोठे डायलॉग नाहीत. ती राबते, झाकते, सहन करते, मुलांना वाचवते. तिच्यावर कॅमेरा थांबतो तेव्हा काही 'घडत' नाही. आणि तिथेच सगळं घडत असतं. लक्षात घ्या, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा आपला कायदाच 2005 चा. माईच्या पिढीच्या बाईने जायचं कुठे?

तिसरी कसोटी: लांबी आणि शेवट. इथे पर्व घसरतं. जानेवारी 2019 ते 29 ऑगस्ट 2020. मध्ये लॉकडाऊनमध्ये मार्चपासून शूटिंग बंद, नवीन भाग आले ते थेट जुलैमध्ये. तो दोष मालिकेचा नाही. पण त्याआधीच ताणाताणी सुरू झाली होती. अण्णांनी मारलेली माणसं त्यांना दिसायला लागतात, ही कल्पना जबरदस्त. पापाचा हिशोब घरी चालत येतो. फक्त तेच पुन्हा पुन्हा झालं. पहिल्यांदा अण्णा दचकले तेव्हा आपल्याला बरं वाटलं, भोग म्हटलं. विसाव्यांदा दचकले तेव्हा ते विनोदी वाटायला लागलं. आणि ज्याचं हसू येतं, त्याची भीती जाते. मग त्याचा रागही जातो.

आता मूळ मुद्दा. 2016 मध्ये आम्ही पहिलं पर्व टीव्हीवर पाहिलं, घरातले सगळे एकत्र. त्याच वर्षी जिओ आलं. 2019 पर्यंत माझ्यासारख्याने दुसरं पर्व बहुतेक फोनवरच पाहिलं, तेही तुकड्यातुकड्यांत. जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटांची क्लिप. स्टिकर. मीम. आता सांगा, क्लिप कशाची बनते? अण्णांच्या नजरेची. शेवंताच्या हाकेची. माईच्या गप्प बसण्याची क्लिप कुणी बनवत नाही.

म्हणजे एकाच नावाची दोन पर्वं झाली. पूर्ण भाग बघणाऱ्या आजीसाठी ती एका जुलमी माणसाची गोष्ट होती. क्लिप बघणाऱ्या माझ्यासाठी ती एका 'भारी' माणसाची गोष्ट होती. माझ्या फोनमध्येही अण्णांचे स्टिकर होते. कुणी मुलीचा विषय काढला की ग्रुपवर टाकायचो.

तेव्हा मी जिथे कामाला होतो, तिथल्या एका सुपरवायझरला आम्ही पोरांनी 'अण्णा' नाव पाडलं. का, ते तुम्हाला कळलं असेल. पॅकिंगला मुली होत्या, तो त्यांच्या टेबलाशी जरा जास्तच घुटमळायचा. आम्ही लांबून म्हणायचो, "अण्णा निघाले!" आणि हसायचो. त्यालाही ते नाव आवडायचं. एक मुलगी महिनाभरात काम सोडून गेली. कारण कुणी विचारलं नाही. मीही नाही. आम्ही त्या सगळ्याला एक गमतीचं नाव देऊन टाकलं होतं, मग विचारायचं काय?

याचा दोष मालिकेवर टाकून मी मोकळा होणार नाही. हसलो मी होतो. पण निकाल द्यायला बसलोय तर हेही सांगायला हवं की पुढे मालिकेलाही अण्णा-शेवंताचा मोह सुटला नाही. 2021 च्या तिसऱ्या पर्वात तीच दोघं भूत होऊन आकर्षण बनली. माईचं दुःख मागे राहिलं, जोडी पुढे आली.

तर मार्क. भीतीला नऊ. माणसांना नऊ. लांबी आणि शेवटाला पाच. सरासरी काढली तर पावणेआठच्या आसपास, मी साडेसात देतो. तिन्ही पर्वांत माझ्यासाठी हेच सगळ्यात चांगलं. कारण भुतांच्या मालिकेत भूत जिवंतपणीच दाखवायची हिंमत याच पर्वाने केली.

एक विनंती. कधी बघायचं ठरवलंत तर क्लिपा नको, सुरुवातीचे वीस-पंचवीस भाग सलग बघा. आणि बघताना अण्णांकडे नाही, माईकडे बघत राहा. जमलं तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. ती कुठे गप्प होते, तेवढं फक्त ऐका.

आजी आता नाही. तिने कुठल्या भागाला आवाज कमी केला होता, हे विचारायचं राहूनच गेलं.

चला, पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणाचं नाव 'अण्णा' पाडलं असेल, तर का पाडलं ते एकदा आठवून बघा.