उबेचा अंक



अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांकडे २००७ साली अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी स्वस्त उबपेटी रचण्याचे काम आले. त्यांतील एक नेपाळला गेला. काठमांडूच्या रुग्णालयात त्याला उबपेट्या रिकाम्या दिसल्या, कारण अशी बहुतेक बाळे दूर खेड्यांत जन्मत, जेथे विजेचा भरवसा नव्हता. तेव्हा पेटीऐवजी पिशवी सिद्ध झाली. तिच्यातील मेणासारखे द्रव्य थिजताना काही तास ३७ अंशांची ऊब देई.

पुढे महाराष्ट्रातील एका आईने सांगितले, पाश्चात्त्य औषध जहाल, म्हणून ते निम्मेच द्यावे. ३७ सांगितल्यास ती ३० वरच थांबेल! तिला अडाणी ठरविणे सोपे होते. त्या तरुणांनी अंकच काढून टाकले आणि ऊब पुरेशी आहे की नाही, एवढेच दाखविणारी खूण ठेवली.