स्वागताध्यक्षांचे भाषण

दूरदूरहून आलेले डॉक्टर आणि आपल्या माणसांना हाताला धरून इथवर आणणाऱ्या नातलगांनो,

मिरजेत आपले मनापासून स्वागत. स्टेशनवर गाडी उशिरा पोचली, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. एवढे जंक्शनचे गाव, आणि ही गत!

मी धान्याचा व्यापारी, मेंदूतले मला काही कळत नाही. मिरजेतले विचाराल तर दिवस पुरणार नाही. १८९४ साली वॉन्लेस साहेबांनी इथे इस्पितळ काढले. साहेब मूळचे कॅनडाचे. आणि ज्या पीएसपीसाठी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या मेंदूच्या आजारासाठी, आपण जमलो, तो स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ साली सविस्तर मांडला तोही कॅनडातूनच, टोरांटोहून. सचिव म्हणतात, हे ओढूनताणून आहे. असू दे.

पण माझे खरे दैवत फरीदसाहेब सतारमेकर. घराणे शिकलगारांचे, हत्यारांना धार लावणारे. तलवारीचे दिवस सरले तसा त्यांनी भोपळा हाती घेतला आणि तंबोरा घडवला. आजही सतारमेकर गल्लीत जा. जवारी काढायला, म्हणजे तारेचा झंकार जुळवायला, बसलेला कारागीर तारेखालच्या घोडीवर कानस एकदाच फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा कानस. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, ते इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेत. चिठ्ठी आली आहे, आवरतो. पण मी इथे का उभा, तेवढे सांगतो.

आमचे थोरले बंधू जेवताना ताटाकडे बघत नसत. डोळे खाली वळतच नव्हते. वहिनी ताटाखाली पिठाचा डबा ठेवायच्या. उभ्या उभ्या ते मागे कोसळायचे. आम्ही म्हणालो म्हातारपण, मग म्हणालो कंपवात. हात तर कधी थरथरला नाही, गोळ्यांचाही गुण येईना. आजाराचे नाव पीएसपी, हे कळायला तीन वर्षे गेली. म्हणून हे अध्यक्षपद घेतले.

मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही. हळदीच्या व्यापाऱ्यांनी दोन्ही वेळचे जेवण दिले. नाव घेऊ नका म्हणणाऱ्या देणगीदारांचे नाव घेत नाही, ते तिसऱ्या रांगेत बसलेत. खुर्च्या दोन शाळांतून आणल्यात, उंची सारखी नाही. पंखे कुरकुरतात. आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नाही, हे काल रात्री अकराला लक्षात आले. पडण्याच्या आजाराची परिषद, आणि कठडा नाही! सुतार मिळाला नाही. दोन्ही बाजूंना कॉलेजची मुले उभी केली आहेत. संकोच करू नका, त्यांचा हात धरा.