पाणकावळ्याचा वाटा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यापुढे बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. ‘पाणकावळा आणि गोड्या पाण्यातील मासेमारी’ हा आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. ज्या समाजाच्या ताटात मासा येत नाही, त्या समाजापुढे मासेमारीची चर्चा कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल, अशी माझी खात्री आहे.

सकाळच्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलावर उभे राहून कृष्णेच्या पात्राकडे पाहिले, तर पाण्यात मान वर काढून पोहणारा एक काळा पक्षी दिसतो. क्षणात तो बुडी मारतो आणि बऱ्याच अंतरावर वर येतो. थोड्या वेळाने खडकावर किंवा वाळक्या फांदीवर पंख पसरून उन्हात बसतो. त्याची पिसे पाण्याने भिजतात. त्यामुळे त्याला खोल बुडी मारणे सोपे जाते, पण नंतर पंख वाळवावे लागतात. हाच पाणकावळा. महाराष्ट्रात लहान, भारतीय आणि मोठा असे त्याचे तीन प्रकार आढळतात. मासा हेच त्याचे मुख्य अन्न.

काही वर्षांपूर्वी एका तलावाच्या काठी एका वृद्ध भोईबांधवाशी बोलण्याचा योग आला. पक्ष्यांचे थवे पाहून मी आनंदलो होतो. ते मला म्हणाले, “गुरुजी, तुमी मासं खात न्हाई, तवा तुमास्नी ह्यो पक्षी सुंदर दिसतोय. आमच्या मातूर तोंडचा घास जातोय.” त्या वाक्याने मी अंतर्मुख झालो. ज्या व्यवसायाशी आपला संबंध नाही, त्या व्यवसायातील माणसाचे दुःखही आपल्याला दिसेनासे होते की काय, असा प्रश्न मनात आला. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावे, ही अनेकांतवादाची शिकवण आपण व्यासपीठावर सांगतो. ती तलावाच्या काठावरही लागू पडली पाहिजे.

प्रथम त्या भोईबांधवाची बाजू पाहू. मच्छीमारांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, पैसे मोजून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज आणतात आणि पाण्यात सोडतात. बोटभर लांबीच्या या पिलांना ‘बोटुकली’ म्हणतात. नेमकी ही बोटुकली लहान पाणकावळ्याच्या चोचीत सहज मावते. मोठा पाणकावळा दिवसाला सुमारे अर्धा किलो मासे खातो. असे शंभर पक्षी एखाद्या तलावावर महिनाभर उतरले, तर दीड हजार किलो मासे गेले. ठेक्याची रक्कम डोक्यावर असलेल्या संस्थेला हा आकडा लहान नाही. तेव्हा त्यांची तक्रार खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

आता पक्ष्याची बाजू. पन्नास-साठ वर्षांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे पाणी बदलले. कोयना, धोम, कण्हेर, वारणा अशी धरणे झाली. नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उभे राहिले. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत अशा दुष्काळी मुलखात नेले. जिथे पाणी टिकले तिथे मासा आला आणि माशामागून पक्षी आला. त्याला आमंत्रण आपणच दिले. शिवाय उन्हाळ्यात तलाव आटतात, उरलेल्या डबक्यात मासे दाटीने गोळा होतात आणि दूरदूरचे पाणकावळे तिथे एकवटतात. एका ठिकाणी जमलेला थवा पाहून ‘पक्षी बेसुमार वाढले’ असे आपल्याला वाटते. मायणीसारखा ब्रिटिशकालीन तलाव २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र झाला. अशा ठिकाणी ज्या थव्यांचे आपण कौतुक करतो, तेच शेजारच्या ठेक्याच्या तलावावर गुन्हेगार ठरतात!

पक्ष्यांना मारून हा प्रश्न सुटतो का? जगाचा अनुभव पाहू. पश्चिम युरोपात १९६० च्या सुमारास मोठ्या पाणकावळ्याच्या केवळ काही हजार जोड्या उरल्या होत्या. १९७९ च्या पक्षीसंरक्षण कायद्यानंतर ते वाढू लागले आणि २०१२ च्या गणनेपर्यंत युरोपातील जोड्यांची संख्या चार लाखांच्या आसपास गेली. फ्रान्ससारख्या देशात दरवर्षी हजारो पक्षी गोळ्या घालून मारले गेले. तरीही एका तळ्यावरील पक्षी मारले की रिकाम्या जागी दुसरीकडून नवे येतात, असा अनुभव आला. अमेरिकेत १९९८ साली ऑन्टॅरिओ सरोवरातील लिटल गॅलू बेटावर शेकडो पाणकावळे मारण्यात आले. पुढे स्थानिक मासेमारीशी संबंधित माणसेच त्यात दोषी ठरली. याच अमेरिकेत डीडीटीच्या विषामुळे हे पक्षी पूर्वी घटले होते. १९७२ साली डीडीटीवर बंदी आल्यावर ते पुन्हा वाढले. म्हणजे ज्या वाढीचा राग आला, ती काही अंशी पाणी निर्विष झाल्याची खूण होती. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. त्यांना मारणे हा गुन्हा आहे आणि आपल्या दृष्टीने तर ती हिंसा आहेच.

बंधू-भगिनींनो, आता तिसरी बाजू. ही बाजू माशाची आहे आणि तीच आपल्या दारापर्यंत येते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत असंख्य मासे मरून तरंगले. त्याआधी २०२२ सालीही असेच घडले होते. कृष्णेच्या प्रदूषणाचा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. माशाला श्वासासाठी लिटरभर पाण्यात चार-पाच मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि शेतातून वाहून आलेली खते पाण्यात मिसळली की ती कुजताना हा प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात प्रवाह मंदावलेला असतो. मग मासे पाण्यावर तोंड काढून तडफडतात आणि मरतात. सांगलीकरांना शेरीनाल्याचे सांडपाणी नव्याने सांगायला नको.

पाणकावळा एक-एक मासा वेचतो. पोट भरले की थांबतो. काठावरची त्याची विष्ठासुद्धा पाण्यातील जीवांचे खाद्य बनते. विषारी पाणी मात्र लहान-मोठा, अंड्यावरचा, पिलातला असा भेद करीत नाही. एका रात्रीत मैलभर पात्र निर्जीव करते. त्या दिवशी भोईबांधवाच्या तोंडचा घास कोणी काढला? तेव्हा आकाशात एकही पक्षी दोषी नव्हता.

आपल्यातील बहुसंख्य कुटुंबे शेतकरी आहेत. कृष्णा-वारणेच्या काठी आपला ऊस उभा आहे. आपण मासा खात नाही, म्हणून माशाच्या मरणात आपला वाटा नाही, असे आपण मानतो. परंतु आपल्या आचार्यांनी हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. बेफिकिरीने घडलेला जीवघातही हिंसाच ठरतो. फवारणीचा पंप ओढ्यात धुणे, माती न तपासता पोत्यामागून पोती खत टाकणे, घराचे सांडपाणी थेट नाल्यात सोडणे, हा प्रमाद नव्हे तर काय? पाणी गाळून पिणारा समाज नदीत काय सोडतो, याचाही हिशेब त्याने ठेवायला हवा. हे बोल कठोर वाटल्यास क्षमा असावी. यात वक्त्याचाही वाटा आहे.

उपाय अवघड नाहीत. मच्छीमार बांधवांनी बीज संगोपनाच्या लहान तळ्यांवर जाड, ठळक दिसणाऱ्या दोऱ्याची जाळी ताणावी, म्हणजे पक्षी त्यात अडकत नाहीत. बोटुकली थोडी मोठी करून सोडावी. पाणकावळा दिवसा शिकार करतो, म्हणून ती संध्याकाळी व अनेक ठिकाणी सोडावी. पाण्यात काटेरी फांद्यांचे आसरे ठेवावेत आणि पहिले काही दिवस होडीतून राखण करावी. शेतकऱ्यांनी माती परीक्षणानुसारच खत द्यावे, ओढ्याकाठी गवताचा व झाडांचा पट्टा राखावा. नदीत मासे तोंड वर काढताना दिसताच गावाने त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. उशीर झाला की पुरावा वाहून जातो.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत मंदिर, शिक्षण आणि सेवेचे कार्य केले. पुढील वाटचालीत नदीकाठच्या एका गावाची जबाबदारी घेता आली, भोईबांधवांना सोबत घेऊन त्या गावाचे पाणी राखता आले, तर ती अभयदानाची मोठी सेवा ठरेल. त्या वृद्ध भोईबांधवाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज एवढेच म्हणेन की, पाणकावळ्याचा वाटा त्याला निसर्गाने दिला आहे. आपण घेतलेला वाटा मात्र आपल्याला परत करता येण्यासारखा आहे.